पहिली मासोळी नदीची

अक्काला मुलगी झाली आणि दूध काही आलं नाही. एवढ्या एका वाक्यात आमच्या घरचे ते पंचवीस दिवस मावतात. त्याच्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता अक्काही गेली. ज्यांच्यापासून लपवायचं ती माणसंच उरली नाहीत, तर लपवून ठेवते तरी कुणासाठी?

अक्का माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिचं सासर दुसरबीडकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडे आली होती. आमचं गाव संग्रामपूरपासून कोसभर. भाजीपाल्याचा मळा होता, वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. शाळेत भिंतीवर नवा नकाशा लागला होता, पण गावात दवाखाना काही लागला नव्हता. बाळंतपण सुईणीनेच केलं आणि चांगलं केलं, तिला मी नावं ठेवत नाही. पण तिसऱ्या दिवशी अक्काला ताप भरला. पाच दिवसांनी ताप उतरला, आणि छाती कोरडीच राहिली.

पोर ओढायची, दमायची, मग रडायची. पहिले काही दिवस तिचं रडणं मळ्यापर्यंत ऐकू यायचं. नंतर ओसरीपर्यंत. पुढे पुढे आत जाऊन पाळण्याशी कान न्यावा लागायचा. शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजलं, ते तिला पचलं नाही. बाबांनी शेगावच्या डॉक्टरला घरी आणलं, तर तो म्हणाला, आईला चांगलं खाऊ घाला, दूध येईल. वा रे डॉक्टर. मेथीचे लाडू, खसखशीची खीर, शेपूची भाजी, बाजरीच्या भाकरी, मायने जे जे ऐकलं ते ते केलं. गल्लीतली एक लेकुरवाळी बाई दोन दिवस येऊन पाजून गेली, पण तिसऱ्या दिवशी तिच्या सासूने तिला येऊ दिलं नाही. ती सासू मेली तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही, आणि हे लिहितानाही वाटत नाही.

शेवटी सुईणच म्हणाली, "हिले मरळ खाऊ घाला. जिती आणा, नदीची. सुक्या मासोयीनं नाई होत. मरळीचा रस्सा पेली का तिसऱ्या दिवशी पदर ओला होईन."

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. मरळ आणायची. मरळ आली की दूध येणार, दूध आलं की पोर वाचणार. आमचा सगळ्यांचा जीव त्या एका मासोळीत अडकला.

आणि मासोळी कुठे होती त्या वर्षी? लागोपाठ दुसरं वर्ष पावसाने ओढ दिलेली. एरवी वान नदी शिवरात्रीपर्यंत वाहायची, त्या साली दिवाळीलाच तिचे तुकडे पडले. बाबा संग्रामपूरच्या बाजारात गेले, तर मासोळी विकणारी बाई सुकटाची टोपली पुढे घेऊन बसलेली. बाबांनी जिती मरळ मागितली तशी ती चिडली. म्हणाली, "पाणीच नाई तं मासोयी काय झाडाले लागते, भाऊ?" बाबा ते घरी येऊन सांगताना हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही.

तेव्हा आबा म्हणाले, "आपणच जाऊ."

आबा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. दरवर्षी दिवाळीनंतर एक दिवस आमचं सगळं घर दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून चार कोसांवर, जिथे वान सातपुड्यातून खाली उतरते तिथे मासोळी धरायला जायचं. आम्ही काही मासे धरणारे लोक नव्हे. वर्षातला तो एक दिवस आबांच्या हौसेचा. तिथेच चूल मांडायची, तिथेच रांधायचं, तिथेच खायचं. आबांना जाळं आवडत नसे. जाळ्याने धरणं म्हणजे भाजी उपटण्यासारखं, असं म्हणायचे. त्यांची रीत वेगळी. बारीक कळकाची लांब काठी, हलकी दोरी, छोटा गळ, आणि गळाला जिवंत नाकतोडा. दोरीला वजन म्हणून काही बांधायचं नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून तो नाकतोडा पाण्यावर असा टेकवायचा की जणू आपल्या पायाने उडून बसलाय, आणि मग मनगट हलवून त्याला पाण्यावरच नाचवायचा. खालून मरळ उसळी मारून धरते. मी पाहिलंय, एकेका दिवशी आबा दहा-दहा काढायचे. आणि मग त्यांचा तोरा काय विचारता, आठ दिवस घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

त्या दिवसाचा एक नेम होता. पहिली मासोळी नदीची. पहिली सापडलेली मासोळी, मग ती लहान असो की मोठी, हळदीकुंकू लावून परत पाण्यात सोडायची, आणि तीही घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या हातून. आबांच्या आजोबांपासूनचा हा नेम. ज्या वर्षी तो मोडला त्या वर्षी घरात काय काय झालं, याच्या गोष्टी आबांकडे होत्या आणि आम्हाला त्या पाठ होत्या. मी पाच वर्षांची झाले तेव्हापासून हा मान माझा. मला तो फार प्रिय होता. वर्षभर घरात मला कोण विचारायचं? सगळ्यांच्या हाताखालची मी. त्या एका क्षणी मात्र आबा, बाबा, माय, सगळे माझ्याकडे पाहत थांबायचे.

अक्काची पोर जन्मली त्याच दिवशी बाबा मला चिडवायला म्हणाले होते, "गेला तुहा मान. आता ही आली लहान." सगळे हसले. मी पण हसले. मनातून मात्र मला ते झोंबलं होतं, अकरा वर्षांच्या मुलीला झोंबतं तसं, आणि मी ते विसरले नव्हते.

पोर एकोणीस दिवसांची असताना आम्ही निघालो. पहाटे दमणी जुंपली. माय अक्काजवळ थांबली. गेलो आम्ही चौघं, आबा, बाबा, मी आणि भाऊजी. भाऊजी म्हणजे अक्काचे यजमान, बाराव्या दिवशीच्या बारशासाठी म्हणून आले होते. पोरीची तब्येत पाहून बारसं पुढे ढकललं, आणि ते तसेच थांबून राहिले. बिचारे सासुरवाडीत अंग चोरून वावरायचे. त्यांनी जन्मात मासोळी धरली नव्हती. धुतलेलं धोतर नेसून, पायात वहाणा घालून ते दमणीत बसले, आणि वाटेत एकदाच बोलले, "मरळ दिसती कशी, हे तरी सांगून ठेवा मला." आबा म्हणाले, "दिसली का समजन, पाव्हणे."

नदीवर पोचलो आणि आबा काठावर उभेच राहिले. जिथे बैल पोहायचे तिथे दगड दिसत होते. मधूनमधून डोह, डोह कसले, डबकीच, हिरवट पाण्याची. एका डोहातून दुसऱ्यात वीतभर धार तेवढी वाहत होती. काठाच्या चिखलात गुरांचे खूर आणि माणसांचे पाय इतके उमटले होते की आमच्याआधी अर्धा तालुका येऊन गेला असावा. बाबा हळूच म्हणाले, "आबा, काई नाई इथं." आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मला म्हणाले, "तू नाकतोडे धर."

नाकतोडे धरणं माझं काम. वाळलेल्या गवतात ओढणी टाकायची आणि खालून हात घालायचा. पाऊस नसल्याने नाकतोडेसुद्धा मेलेले होते की काय कोण जाणे, तासाभरात आठ मिळाले. आबा धोतर खोचून पाण्यात उतरले. एका डोहावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आमची सगळी वरात नदीच्या पोटातून वर वर जात राहिली. बाबांनीही काठी घेतली. भाऊजींनाही एक दिली, कुणी रिकामं बसायचं नाही म्हणून. आबांचं मनगट त्या दिवशीही तसंच चाललं होतं, नाकतोडा तसाच नाचत होता. पण खालून काही येत नव्हतं. पाणी हलतच नव्हतं. मला भूक लागली होती, पण भाकरीचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. घरी पोर उपाशी असताना आपल्याला भूक लागते याचीच मला लाज वाटत होती.

दुपार झाली. ऊन डोक्यावर आलं. आबा एका दगडावर बसले आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले. बाबा म्हणाले, "चाला आता. तिच्याजवळ तरी बसू." म्हणजे पोरीजवळ. आबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाण्याकडे बघत बसले. बाबांनी काठीची दोरी गुंडाळायला घेतली. मला रडू येत होतं, आणि आलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वरच्या डोहावरून भाऊजींची हाक आली. आम्ही धावलो. भाऊजी कमरेइतक्या पाण्यात उभे, वहाणा पायातच, काठी कमानीसारखी वाकलेली. "ओढायली," म्हणाले, "ही मला ओढायली." आबा पाण्यात शिरले, दोरी हातात घेतली, सोडली, ओढली, पुन्हा सोडली, आणि मग अलगद काठाला आणली. मरळ. काळीभोर, पोटाशी पांढुरकी, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी. दहा-दहा मासोळ्यांच्या वर्षीसुद्धा मी एवढी पाहिली नव्हती.

भाऊजींनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. ते रडत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं. "आता येतंय दूध," म्हणाले, "आता येतंय बघा." बाबांनी घागर पाण्याने भरली आणि मरळ तिच्यात सोडली. घागरीत तिचं शेपूट आपटल्याचा आवाज झाला.

आणि मग सगळ्यांना एकाच वेळी नेम आठवला. ही पहिली होती.

बाबा आबांकडे पाहू लागले. भाऊजींना नेम माहीत नव्हता, बाबांनी तो चार शब्दांत सांगितला. भाऊजींचा चेहरा मी आजही सांगू शकते. ते जावई. सासऱ्याच्या बापापुढे उभे. सासुरवाडीच्या देवाधर्मात जावयाने बोलायचं नसतं.

आबा घागरीजवळ वाकले. मग ते हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "घरात सगळ्यात लहान कोण हाये आता?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते. भाऊजींकडे पाहत होते.

हे मला पुढे कळलं, तेव्हा नाही. आबा नेम मोडू शकत नव्हते, त्यांची छाती होत नव्हती. पण नेमातच एक वाट होती, आणि ती दुसऱ्या कुणी बोलून दाखवावी म्हणून ते वाट पाहत होते. सगळ्यात लहान तर घरी पाळण्यात होती. तिचा हात लावायचा तर मरळ घागरीतून घरी न्यावी लागणार. आणि एकदा घरी गेलेली मासोळी चार कोस परत नदीवर कोण आणणार होतं? कुणीतरी एवढंच म्हणायचं होतं की लहान ती आहे. भाऊजींना बोलता येत नव्हतं. बाबा बोलले नाहीत. बारसं न झालेल्या लेकराला आमच्याकडे घरात मोजत नाहीत, नजर लागते म्हणतात, आणि त्या पोरीला मोजायला तर त्यांना भीतीच वाटत असणार.

बोलले ती मी. "मीच ना," म्हणाले.

मला माहीत नव्हतं असं नाही. इथे खोटं लिहायचं तर हे सगळं लिहायचंच कशाला? आबांनी विचारल्याबरोबर माझ्या मनात पहिला आला तो पाळणाच. बाबांचं ते चिडवणंही आठवलं. आणि म्हणूनच मी घाईने बोलले, कुणी दुसरं नाव घ्यायच्या आत. मला माझा मान हवा होता. एवढी मोठी मरळ, आजवरची सगळ्यात मोठी, ती माझ्या हातून जायला हवी होती.

आबा माझ्याकडे वळले. "हाव," म्हणाले. "तूच."

सोबत आणलेल्या पुडीतली हळद लावली, कुंकू लावलं. मी घागरीत हात घातला, मरळ उचलली, वाकून पाण्यात धरली. ती क्षणभर माझ्या तळहातांवर थांबली. मी वर पाहिलं, सगळे माझ्याकडे पाहतायत का म्हणून. पाहत होते. मी हात उघडले.

"आता येतीन बाकीच्या," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र तसा नव्हता. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत आम्ही त्या एका डोहावर बसून राहिलो. भाऊजी पाण्यातून बाहेरच आले नाहीत. उरलेले नाकतोडे संपले, मग बाबांनी गांडुळं उकरली, मग भाकरीचे गोळे लावले. एक खेकडा आला. बाबांनी तो दगडावर आपटला, इतक्या जोरात की मी दचकले.

दिवेलागणीला घरी पोचलो. मायने सकाळीच खोबरं-खसखस भाजून मसाला वाटून ठेवला होता, झाकण घालून. दमणीचा आवाज ऐकून ती दारात आली आणि म्हणाली, "किती?"

"नाई," बाबा म्हणाले. एक सापडली होती हे कुणीच सांगितलं नाही. आम्ही ठरवलं नव्हतं, पण चौघांपैकी कुणीच सांगितलं नाही. माय आत गेली. त्या वाटणाचं पुढे काय केलं मला माहीत नाही. अक्काने आतून विचारलं, "आली का?" तिने पुन्हा विचारलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी पोर गेली. रडली नाही, काही नाही. अक्का तिला छातीशी धरून बसली होती आणि बराच वेळ तिच्या लक्षातच आलं नाही. मळ्याच्या बांधाला पुरलं. खड्डा भाऊजींनी स्वतः खणला, बाबांना हात लावू दिला नाही. चार दिवसांनी ते अक्काला घेऊन गेले. जाताना आबांच्या पाया पडले, रीतीप्रमाणे, आणि आबा त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तो हात तसाच अधांतरी राहिला.

आबा मला कधी रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते. महिनाभराने आम्ही दोघं मळ्यात सांबाराच्या जुड्या बांधत बसलो होतो, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "तुह्यावर राग नाई व माहा. तू लेकरू होतीस. मी इचारलंच काऊन? मीच सांगाले पाह्यजे होतं." मी जुडी बांधत राहिले. मला म्हणायचं होतं, मग सांगितलं का नाही? तीन मोठी माणसं होतात तुम्ही, त्यातला एक त्या पोरीचा बाप, आणि सगळा भार एका अकरा वर्षांच्या पोरीच्या जिभेवर टाकून उभे राहिलात. हा राग माझा अजून गेलेला नाही. पण त्यांच्यावर कितीही रागावलं तरी तो "मीच ना" माझाच आवाज आहे, तो दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता येत नाही. त्यानंतर आबा नदीवर गेले नाहीत.

अक्काला पुढे दोन मुलगे झाले, दोघांनाही दूध पुरून उरलं. सुना आल्या, नातवंडं झाली. त्या पोरीचं नाव आम्ही कधी काढलं नाही, काढायला तिला नावच नव्हतं. भाऊजी गेल्यावर, अक्काच्या शेवटच्या आजारपणात मी दुसरबीडला तिच्याजवळ राहायला गेले होते. एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. तिने पाठ माझ्याकडे ठेवूनच विचारलं, "नदीवर त्या दिवशी एक सापडली होती ना व?"

माझे हात थांबले. भाऊजींनी सांगितलं असणार. कधी, किती सांगितलं, ते मला विचारवेना. "हाव," म्हणाले.

"केवढी होती?"

मी पुढे जाऊन तिच्यासमोर बसले आणि करंगळी वर धरली. "एवढीशी. रस्सा काय, वाससुद्धा आला नसता. सोडून दिली."

अक्का माझ्या करंगळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांनी पण एवढीच दाखवली होती." आणि पाठ वळवून बसली, अर्धी वेणी राहिली होती म्हणून.